पडद्यावरच्या मॅडमना नमस्कार

आमच्या अभ्यासकेंद्रातले काका हजर माणसापेक्षा समोर नसलेल्या माणसाला जास्त मान देत. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका शाळेत दर रविवारी सकाळी आम्हा टपालानं बी.ए. करणाऱ्यांचे वर्ग भरत. प्राध्यापक क्वचित स्वतः येत, बहुतेकदा उपग्रहावरून टीव्हीत. काका तंजावरकडचे मराठी, केंद्राचे व्यवस्थापक. पडद्यावरचा वर्ग प्रत्यक्ष वर्गासारखाच मानावा, असा विद्यापीठाचा नियम होता. बाकीच्यांनी तो हजेरीपुरता वाचला, काकांनी मनावर घेतला. अर्थशास्त्राच्या मॅडम पडद्यावर उमटल्या की आम्ही उभं राहायचं, टीव्हीसमोरून वाकून जायचं. पंखा टीव्हीकडे वळवलेला, शेजारी पाण्याचा पेला. एकानं टीव्हीकडे पाठ केली तेव्हा काका कळवळले, "अय्यो, वळ की रे! त्यांस काय वाटेल?" वर्ग सुटेपर्यंत पेला निम्मा होई. मी त्याचं खापर चेन्नईच्या उकाड्यावर फोडत असे.

हजेरी मात्र थेट प्रक्षेपणालाच मिळे, कॅसेटला नाही. म्हणून काका दर वेळी कुणाला तरी फोनवरून प्रश्न विचारायला लावत आणि उत्तर आलं की सही करत. मी गिंडीतल्या एका लेथच्या कारखान्यात होतो. ओव्हरटाइमपायी माझे इतके रविवार बुडाले होते, की अर्थशास्त्राचा शेवटचा वर्ग हुकला तर परीक्षाच हुकणार होती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बाबांनी परीक्षेसाठी नवं पेनसुद्धा आणून ठेवलं होतं.

नेमका त्या रविवारी फोन बंद पडला. मॅडम पडद्यावर बोलत होत्या, नेहमीपेक्षा जरा हळू. काका म्हणाले, "तोंडानंच विचार रे. त्या आहेत की."

मी चाचरत उठलो. "मॅडम, माल तोच असून भाव का पडतो?"

मॅडम थांबल्या. त्यांनी माझ्या बाकाकडे पाहिलं. "पुन्हा विचारा. जरा मोठ्यानं."

मग त्यांनी चेन्नईजवळच्या कोवलमच्या होड्यांचं उदाहरण दिलं. सगळ्या होड्या एकदम किनाऱ्याला लागतात, ऊन चढतं, मासळी थांबत नाही. "भाव मासळीचा नसतो," त्या म्हणाल्या, "विकणाऱ्याला किती थांबता येतं, त्याचा असतो." काकांनी समाधानानं सही केली.

सोमवारी विद्यापीठाचा निरोप आला. मॅडम शुक्रवारीच वारल्या होत्या. रविवारी प्रक्षेपण झालंच नव्हतं. हजेरी रद्द.

"कॅसेट लागली असेल, काका," मी कसाबसा म्हणालो.

"कॅसेटीस ऐकू येतं काय रे?"

ते मला थेट विद्यापीठात घेऊन गेले. तिथले अधिकारी थकून हसले. "सार, वर्ग झालाच नाही."

"त्या काय बोलल्या ते ह्यास विचारा," काका म्हणाले.

मी होड्या, ऊन, मासळी, सगळं अडखळत सांगितलं. अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "गुरुवारी संध्याकाळी इथेच बसून त्यांनी मला हे ऐकवलं होतं," ते हळूच म्हणाले. "रविवारी पहिल्यांदा वर्गात सांगणार होत्या." मग त्यांनी माझी हजेरी कायम केली.

मला काकांचे पाय धरायचे होते, पण ते केव्हाच जिन्याशी पोचले होते. अर्ध्यावर ते एकाएकी कठड्याला टेकून उभे राहिले आणि मान लववून त्यांनी वाट दिली. जिन्यावर आम्ही दोघंच होतो. मीही बाजूला सरलो, आणि मनातल्या मनात का होईना, मॅडमना थँक यू म्हणालो.