गाडीच्या मेंदूवरचं कुंकू

माझा धाकटा भाऊ चिमाजी चाकणला जुन्या गाड्यांचे मेंदू दुरुस्त करतो. मेंदू म्हणजे ईसीएम हो, इंजिनानं कधी काय करायचं ते सांगणारी डबी. ती बिघडली की मोठ्या वर्कशॉपात सरळ सांगतात, नवी टाका. आणि जुन्या गाडीची नवी डबी मिळते कुठं! चिमाजी मात्र ती उघडतो, आतलं बारीक बारीक जळकं काढतो, डाख लावतो आणि गाडी चालू करून दाखवतो. "अक्का, फेकून द्यायला अक्कल लागत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेजारीच माझी चहाची टपरी आहे, त्यामुळं ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

हाताला यश आहे त्याच्या, खोटं कशाला बोलू. पण जीभ! उचलली की लावली टाळ्याला. बॉनेट उघडायच्या आधी ह्याचा निकाल तयार. गाडीला काय झालं ते सांगायचाच, वर कुणामुळं झालं तेही चारचौघांत सांगायचा. लोक हसले की ह्याला आणखी चेव. मी म्हणायचे, "चिम्या, तू मेकॅनिक आहेस की फौजदार?"

आणखी एक खोड होती. खंडेनवमीला सगळे स्टिअरिंगला हळदकुंकू लावतात, हा लावणार मेंदूला. "ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा," म्हणायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या स्वतः धुवायचा, डबीला कुंकू लावायचा आणि नारळ फोडला की त्यातलं पाणी तिच्यावर ओतायचा. गेल्या वर्षी दादासाहेबांच्या मिनीबसचीही अशीच पूजा झाली. ही बस माझ्या टपरीसमोरून कामगारांना कंपनीत नेते. ड्रायव्हर गेनबा नाना, आमच्याच आळीतले.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बस चालूच होईना. नानांनी शेजारच्या टेम्पोच्या बॅटरीवरून वायर लावून पाहिली, तरी नाही. पहिल्या शिफ्टचे लोक खोळंबले, दादासाहेब धावत आले. चिमाजी आला, लोंबणाऱ्या वायरीकडं बघितलं आणि डबी न उघडताच म्हणाला, "नानांनी वायर उलटी लावली. मेंदू जाळला."

"न्हाई रं बाबा," नाना म्हणाले. "लाल लालला, काळी काळीला. बघून लावलीया."

"बघायला डोळे कुठं राहिलेत तुमचे, नाना?"

झालं, सगळे खो खो हसले. दादासाहेबांनी तिथंच नानांच्या हातातून चावी काढून घेतली. "मेंदू दुरुस्त होईल," म्हणाले, "पण ड्रायव्हर बदलावा लागेल." उभा जन्म बस चालवली त्या माणसानं, कुणाला कधी खरचटू दिलं नाही. नाना टोपी सारखी करत घरी निघून गेले.

दुपारी मी चहा घेऊन गेले तर चिमाजी डबी उघडून बसलेला, चेहरा पांढराफटक. वायर उलटी लागली असती तर आत जळायला हवं होतं, आणि जळल्याचा तर मागमूस नव्हता. पण वायरींचा गठ्ठा जिथं डबीत शिरतो, तिथल्या पिना हिरव्या पडून कुजल्या होत्या. त्यांना लाल लाल काहीतरी चिकटलं होतं, आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.

"अरे मेल्या, हे तर तुझ्या पूजेचं!" मी म्हणाले. "तुझंच नारळाचं पाणी मुरलंय ह्यात."

"अक्का, तू बोलू नको. मी सांगतो त्यांना," एवढंच तो म्हणाला.

त्यानं पिना बदलल्या, डबी साफ केली, बस एका झटक्यात सुरू झाली. दादासाहेबांनी पाठ थोपटली, "म्हाताऱ्यानं घालवलेली गाडी तू वाचवलीस राव!" आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी बघत राहिले. आणि हा मान हलवून हसला! ह्याला पाठचा भाऊ म्हणायची मला लाज वाटली.

मग रोजचं सुरू झालं. उद्या सांगतो, परवा सांगतो. नानांच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या ओढ्याकडून घरी जायचा. गॅरेजमधली थट्टामस्करी बंद, जेवणाचा डबा तसाच परत. मी म्हटलं, "उपाशी राहून काय होणार? तोंड उघड की!"

शेवटी नानांची बायको, गवराबाई, टपरीवर आली. चिमाजी बाकड्यावरच होता, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"सुभद्रे, खरं सांग गं," ती मला म्हणाली, "ह्यांनी वायर उलटीच लावली व्हती का? घरात दिव्याचं बटण दाबत न्हाईत. मला म्हणत्यात, तूच दाब, माझ्या हातानं काय तरी जळंल. रात न् दिस एकच इचारत्यात, गवरे, म्या उलटी लावली आसंल का?"

चिमाजीच्या हातातला चहा सांडला. "काकू, उलटी नव्हती," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सगळं सांगितलं त्यानं.

गवराबाईनं ऐकून घेतलं. "मला नगं सांगूस," ती म्हणाली. "जिथं समदी हसली, तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या गर्दीत तो उभा राहिला. नानांना घरून बोलावून आणलं होतं. कुजक्या पिना तळहातावर घेतल्या होत्या. "चूक माझी आहे. पूजेचं पाणी मी ओतलं. नानांनी वायर सरळच लावली होती. मला त्याच दुपारी कळलं, तरी मी शाबासकी घेतली." कुणी हसलं नाही. दादासाहेब ओशाळले, त्यांनी चावी नानांपुढं धरली.

"सरळच व्हती?" नानांनी विचारलं.

"सरळच होती, नाना."

नाना बसमध्ये चढले, सीटवर बसले. चावी घातली, पण फिरवली नाही. खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि हाक मारली, "चिमाजी, तू बघ रं एकदा. समदं बरोबर हाय न्हवं?"

तेव्हापासून रोज सकाळी तसंच. टोमणा असता तर बरं झालं असतं बाई, पण नाना खरंच विचारतात. चिमाजी हातातलं काम टाकून जातो, खाली मान घालून वायरी बघतो आणि म्हणतो, "बरोबर आहे, नाना." मगच बस निघते. आणि घरातला दिवा अजून गवराबाईच लावते.