पोरीच्या साक्षगंधाला बाप घरी

आमचे हे दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर. कापसाचा सीझन लागला की घरात नवरा आहे, हे दोरीवरच्या तेलकट कपड्यांवरूनच कळायचं. पोरीचं बारसं, तिच्या शाळेतलं बक्षीस, भाचीचं लग्न, सगळीकडे मी एकटीच. निघायची वेळ झाली की नेमकं तिकडे एखादं बेरिंग जायचं, मशीन बंद पडायची आणि बोलवायला माणूस दारात! त्या मशिनीला मी मनात सवतच म्हणायची.

पोरीचं साक्षगंध ठरलं तेही भर सीझनमध्ये. पोरगी माझ्यावर गेलेली, हट्टी. म्हणाली, "बाबा नसतीन त मी पाटावर बसणारच नाई."

यंदा मालकानं मशिनींना सेन्सर बसवले होते. बेरिंग किती तापतं, किती थरथरतं, त्याची रेघ ह्यांच्या मोबाइलवर यायची. रेघ चढायला लागली की मशीन बंद पडायच्या आधीच कळतं म्हणे. ह्यांना काही ते पटेना. "मले कान हायेत ना!"

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सकाळी चहा देताना मीच पाहिलं, एक रेघ चांगलीच वर गेलेली.

"आवाज त बरोबर येऊन राह्यला," हे म्हणाले. "बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन लागली हाये, आता कायले बंद करू?"

माझं डोकंच फिरलं. "माह्यं त कधी आयकलं नाई, त्या सेन्सरचं तरी आयका! उद्या पोरगी पाटावर अन् तुमी मशिनीखाली, असं झालं ना, त तिकडंच खाट टाकून घ्या!"

डबा उचलून गेले. पण मॅनेजरशी भांडून दुपारी मशीन थांबवली. गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. बेरिंग उघडलं तर आतल्या गोळ्यांना खड्डे पडलेले; रात्र काही निघाली नसती. नवीन बेरिंग टाकून संध्याकाळी घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "तुह्यं बरोबर होतं वं." जन्मात पहिल्यांदा! मला हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हे पोरीच्या बाजूला बसले. कुंकू लागलं, अंगठी झाली. डोळे भरून पाहत होते बापलेक एकमेकांना. पुसदहून आलेले व्याही मोठे हौशी. जेवताना ह्यांना म्हणाले, "पोरीले खायाले काय आवडते, सांगा बुवा. घरी आली का पहिल्या दिवशी तेच करू."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम व्याह्यांना वाढायला वळले. मग हे पोरीकडे वळले आणि हळूच विचारलं, "काय आवडते वं तुले?"

"पाटोडीचा रस्सा."

"अवं, मलेबी तेच!"

"माहीत हाये बाबा," पोरगी म्हणाली. "तुमचा डबा मीच भरते ना."

ह्यांचा घास हातातच राहिला. लग्न तर पुढच्याच महिन्यात होतं.