तळ्यावरचं हळदीकुंकू

नलिनीबाईंसमोर नुसतं ‘बदक’ म्हटलेलं चालत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर वालावलच्या तळ्यावर गेले तेव्हा पाण्यावर दहाबारा तपकिरी ठिपके होते. मी आपलं म्हटलं, बदकं. बाई म्हणाल्या, “तुका कोण भेटला ता इचारल्यार ‘माणसां’ म्हणतलंस? नाव सांग.”

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई, गळ्यात जुनी दुर्बीण. माझी शाळा संपली तरी त्यांची माझ्यावरची शिकवणी संपली नव्हती. “रंगाक भुला नको, आदी चोच बघ,” हे त्यांचं पालुपद. डोळ्यावरून ठळक काळी रेघ गेली असेल तर भुवई बदकाची मादी. तसंच बारकं, पण शेपटीच्या कडेला फिकट रेघ असेल तर चक्रांगाची. नर कोणीही ओळखतो, खरी परीक्षा मादीची, असं त्या म्हणत. मी चुकले की दुर्बीण काढून घेत आणि नुसत्या डोळ्यांनी बघायला लावत.

बाईंचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत गावातल्या एकाही हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं आलं नव्हतं. त्याच बायकांच्या मुलांना त्यांनी फुकट शिकवलं होतं. मग एका पौषात वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंचा निरोप आला: ‘उद्या सकाळी सात वाजता तळ्यावर हळदीकुंकू. सर्वांनी यावे.’

सकाळी वीसेक बायका जरीच्या साड्या नेसून बांधावर हजर. माझी आई सर्वांत पुढे, आणि सर्वांत तापलेली. “बाईनू, ह्या तुमका शोभता काय?”

बाईंनी तिच्या हातात दुर्बीण दिली. “थंय बघ. काळी चोच, टोकाक हळद, मुळाक कुंकू. ह्या बदकाचा नावच हळदीकुंकू.”

दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही, पण तिने बघितलं. बराच वेळ बघून म्हणाली, “एकाक कुंकू दिसणा नाय.”

“ती मादी. कुंकू नराक ठळक. मादीचा बारीक, नायतर नायच. तरी तिका कळपातसून कोण भायर काडणा नाय.”

आई दुर्बीण परत देऊन तरातरा घरी गेली. मी बाईंना हळूच म्हटलं, “निरोपात ‘बदक’ लिवचा रवला.”

“रवला नाय. मी गाळलंय.”

त्या संक्रांतीलाही आमच्या घरून बाईंना बोलावणं गेलं नाही. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या.

गेल्या वर्षी बाबा वारले. यंदा संक्रांतीला आईने हळदीकुंकू ठेवलं. आत्या म्हणाली, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, “म्हणांदेत.” तिने स्वतः घरोघर जाऊन बोलावणी केली, आधी विधवांकडे. संध्याकाळी शेजारच्या विधवा सुमनकाकी आल्या, त्यांच्या सवयीप्रमाणे मागच्या दाराने. हातातलं तबक खाली न ठेवताच आईने त्यांना अडवलं.

“हयसून नाय. पुडल्या दारान येवा.”