बुटाच्या ओळीला मायनस एक

मंडळी, डोकं लई तापलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहून राहिलोय.

आज लातुरात एका कोचिंग क्लासच्या रॅप स्पर्धेला मी परीक्षक होतो. पडद्यावरचा फोटो बघून पोरांनी रॅप लिहायचा. फोटोत मंत्रीसाहेब भूकंपात गेलेल्यांच्या स्मारकाला हार घालत होते, अन् शेजारी क्लासचे संचालक हात जोडून उभे. फोटो त्यांनीच निवडलेला.

मार्क प्रवेश परीक्षेसारखे! बरोबर ओळीला चार, चुकीच्या ओळीला मायनस एक. कवितेलाही उत्तरतालिका असते हे आज कळलं.

एका पोरानं साहेबांना सूर्य केलं, संचालकांना चंद्र. टाळ्याच टाळ्या. मग औशाची एक पोरगी उठली:

"हार घातला दगडाला, बूट ठेवला नावावर,
मामा माझा मेला तिथं, उभे तुम्ही त्याच्यावर!"

तेव्हा कुठं मी फोटो निरखून पाहिला. फरशीवर मेलेल्यांची नावं कोरलेली, अन् दोघंही बुटासकट त्यांवर उभे.

संचालक कानाशी आले. "सर, दोन्ही ओळी चूक. मायनस करा."

"अहो, फोटोत दिसून राहिलंय की!"

"दिसतंय. पण सिलॅबसमध्ये न्हाई."

पोरगी शेवटची आली. सूर्यवाल्याला ढाल मिळाली.

संचालकाला शिव्या द्यायच्या आधी थांबा. निकालावर सही माझी हाय. माझी लेक त्याच क्लासात, त्या पोरीच्याच बाकावर बसते. मी घरात शिरताच लेकीनं माझे बूट उचलून दाराबाहेर ठेवले.

तुम्ही केली नसती सही? खरं सांगा.