भेंडीच्या ढिगाशेजारची शपथ

त्या उन्हाळ्यात मी दत्तापुढे रोज दिवा लावायचे, पण मन लागत नव्हतं. आमच्या गावच्या घाटावरचा, औदुंबराखालचा देव अमेरिकेत, मी राहायचे त्या ओहायोतल्या डब्लिनपर्यंत पोचत असेल का, अशी शंका सारखी यायची. वडील अंथरुणाला खिळले होते. सूतगिरणीत पाळीवर उभं राहून ज्यांनी मला घराण्यातली पहिली पदवीधर केलं, त्यांना मी कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. व्हिसाचा शिक्का संपलेला. गेले आणि परतता आलं नाही तर नोकरी जाणार, आणि त्यांचं औषधपाणी माझ्याच पगारावर. आधी ते फोनवर विचारायचे, "कधी येतीस गं बाई?" पुढे विचारायचे थांबले. ते न विचारणं मला जास्त लागायचं.

२००७ सालची गोष्ट. ग्रीन कार्डाचे अर्ज अचानक घ्यायला लागले होते, कधी थांबतील याचा भरवसा नव्हता. अर्ज आत गेला की प्रवासाचा परवाना मिळणार होता, घरी जाऊन परत येता येणार होतं. पण अर्जासोबत जुन्या नोकरीच्या अनुभवाचा दाखला लागत होता. पुण्यातली माझी पहिली कंपनी बंद पडलेली, तो देणार कोण? वकीलबाई म्हणाल्या, तिथल्या दोन सहकाऱ्यांची नोटरी केलेली पत्रं चालतील. एक पुण्याहून आलं, पण यायला फार दिवस लागले. दुसरं माझे तिथले साहेब, कुलकर्णी सर, देणार होते. ते अमेरिकेतच, एडिसनला मुलीकडे आले होते आणि रविवारी भारतात परतणार होते. वकीलबाईंना सोमवारी कागद हवा होता. शनिवारी सकाळच्या विमानाने मी एडिसन गाठलं.

सर पत्रावर लफ्फेदार सही करून तयार! "तुझा वेळ वाचवला बघ." आपल्याकडे सही आधी, शिक्का मागून, मलाही त्यात वावगं वाटलं नाही. बँकेतल्या नोटरीने मात्र पत्र परत केलं. सही त्याच्यासमोर व्हायला हवी होती. वाचनालयात जाऊन नवी प्रत छापून आणेपर्यंत बँक बंद झाली होती.

सरांना ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून भाजी न्यायची होती. दुकानात भेंडीच्या ढिगापुढे उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "अगं, मी तिकडून पाठवतो ना," सर म्हणाले, पण त्यांचाच आवाज पडला होता. देवा, आता तूच काय ते बघ, एवढंच मनात आलं. ते मागणंही नव्हतं. मी थकले होते.

शेजारी पांढरी हॅट घातलेली एक वयस्क कृष्णवर्णीय बाई एकेक भेंडी निवडत होती. "एवढ्या कोवळ्या भेंडीपुढे कुणी रडतं का, हनी?" सरांनीच तिला सगळं सांगितलं. तिने हसत पर्समधून शिक्का काढला. चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन ती नोटरीचं काम करायची. भेंडीसाठी म्हणून वाट वाकडी करून इकडे आली होती. तिने ओळखपत्र मागितलं, तेव्हा सरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला. "लेक हसते मला, झोपतानाही काढत नाही म्हणून!"

पिठाच्या पोत्यांवर कागद ठेवला. तिने सरांना उजवा हात वर करायला लावला. हे खरं आहे असं देवाला स्मरून सांगता? "आय डू," सर म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "लग्नातसुद्धा एवढा घाबरलो नव्हतो गं."

सरांनी तिच्यासमोर सही केली, तिने शिक्का मारला. मी तिचे आभार मानायला लागले. ती म्हणाली, "मी काय केलं? हा माणूस माझ्यासमोर उभा होता, एवढंच तर लिहिलं." मग तिने वडिलांचं नाव विचारलं. नीट उच्चारता येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. उद्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, म्हणाली.

परवाना आला, थंडीत मी घरी पोचले. वडिलांची नजर गेली होती. त्यांनी माझा चेहरा चाचपला, मनगट धरलं.

"समोर हाईस न्हवं?"

"हाय, बाबा."

त्यांनी मनगट सोडलं नाही.

नंतर घाटावर गेले. देव पोचतो का, हे विचारायचं आता उरलं नव्हतं. माझ्या वडिलांचं नाव कुठल्या मुखातून कुठे पोचलं होतं, ते मला माहीत होतं. मागायलाही काही सुचेना. हात जोडून मी नुसती त्याच्यासमोर उभी राहिले.