टेपरेकॉर्डरचा टिळा

आमची मुलुंडची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि माळे रिकामे करायची वेळ आली. माळ्यावर काय काय साठवून ठेवलंय हे बघून मला आमच्याच घराचा राग आला. कुकरची झाकणं होती, कुकर एकही नाही. कडी तुटलेली सुटकेस, तिच्यात दुसरी कडी तुटलेली सुटकेस. आणि सगळ्यांच्या मागे, आईच्या जुन्या साडीत नीट गुंडाळलेला, आमचा पहिला कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे. साधा टेपरेकॉर्डर लावला की त्यातून कर्कश किंचाळी निघायची, ती वायरीतून कॉम्प्युटरला ऐकवायची, आणि पाच-दहा मिनिटांनी पडद्यावर काहीतरी उमटायचं. मामा आखातात नोकरीला होता, त्याने तो एका सुट्टीत माझ्यासाठी आणला. मला खेळ खेळायचे होते, पण आईने तो बळकावला. ती शाळेत गणित शिकवायची. सोबतच्या पुस्तकावरून ती स्वतःची स्वतः शिकली आणि तिने ठिपक्यांच्या रांगोळीचा प्रोग्रॅम लिहिला. आधी काळ्या पडद्यावर ठिपके यायचे, मग एकेक रेघ ते जोडत जायची. दिवाळीत फराळाला आलेल्या बायका चकली हातात धरून बघत बसायच्या. फक्त एका कोपऱ्यातली पाकळी उघडीच राहायची. ‘ते एकदा बघायला हवं,’ असं आई दर दिवाळीला म्हणायची. मग कॉम्प्युटर माळ्यावर गेला आणि ते राहून गेलं.

हीच बाई गेल्या वर्षापासून मोबाइलला हात लावत नाही. बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या एका भामट्याला तिने फोनवर आलेला आकडा वाचून दाखवला. फार काही गेलं नाही, पण तिचा स्वतःवरचा विश्वास गेला. ‘मला नाही जमत गं हे मशीनचं, तूच कर,’ हे तिचं पालुपद झालं. गॅसचा नंबर मी लावायचा, डॉक्टरांची वेळ मी घ्यायची, मावशीला फोनसुद्धा मीच लावून द्यायचा. कामाचा मला कंटाळा नव्हता. पण जिने मला बीजगणित शिकवताना पट्टीने टेबल बडवलं, ती माझ्याकडे फोन देताना मान खाली घालायची, ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की घर सोडायच्या आत ती रांगोळी टीव्हीवर आणायची आणि आईला त्या बटणांपुढे बसवायचं. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

कॉम्प्युटर चालू झाला, ही मोठीच कृपा. नव्या टीव्हीला जोडायला एक छोटी डबी ऑनलाइन मागवली आणि निळसर पडद्यावर ती लुकलुकणारी चौकट आली. अडलं ते टेपरेकॉर्डरपाशी. त्याचा आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. साकीनाक्याच्या एका दुकानातून तसाच पट्टा आणला. मशीन उघडलंच आहे तर साफ करू म्हणून मी कापूस आणि स्पिरिट घेऊन बसले. मला एकदा सफाईचा झटका आला की मी कुणाचं ऐकत नाही.

प्लेच्या बटणाशेजारी एक बारीक भोक होतं, ते लाल खड्यासारख्या कशाने तरी गच्च बुजलेलं. ते कुंकू होतं. आमच्याकडे खंडेनवमीला शिलाई मशीनपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. आई पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने लावायची, आणि टेपरेकॉर्डरचा टिळा ठरलेल्या जागी, त्या भोकावर. वर्षानुवर्षं ते आत झिरपून घट्ट झालं होतं. मी सुई आणि स्क्रूड्रायव्हर घालून ते सगळं खरवडून काढलं. खाली एक इवला स्क्रू होता, तो त्या खटाटोपात फिरला. टेप वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला, सरळ किंवा तिरकं करणारा तो स्क्रू. मी इंटरनेटवर वाचून भजनाची कॅसेट लावली आणि टाळ खणखणीत ऐकू येईपर्यंत तो फिरवत हेड अगदी सरळ केलं. केवढी हुशार मी!

मग आईची कॅसेट लावली. कॉम्प्युटरने प्रोग्रॅमचं नाव दाखवलं आणि लगेच मान टाकली. लोडिंग एरर. वायर बदलली, आवाज कमी-जास्त केला, तेच. मैत्रिणीकडून दुसरा, चांगल्यातला टेपरेकॉर्डर आणला. त्यावरून कॅसेटचा आवाज लॅपटॉपमध्ये घेतला आणि लॅपटॉपवरून कॉम्प्युटरला ऐकवला. तरी तेच. दोन धडधाकट टेपरेकॉर्डर नाही म्हणाले, म्हणजे कॅसेटच मेली, असं मी मनाशी धरलं. मला फार वाईट वाटलं. सगळा पसारा तसाच टाकून मी खुर्चीत बसून राहिले. कॅसेट परत आमच्याच टेपरेकॉर्डरमध्ये घातली होती, ती चालूच होती.

आई भाजी निवडता निवडता बाहेर आली. एवढे दिवस मी काय करतेय हे तिने विचारलं नव्हतं, पण न कळायला ती काय बहिरी होती?

‘हा आवाज नाही गं तो,’ ती म्हणाली. ‘हा घोगरा आहे. तेव्हा कसा दातांत शिवशिवायचा.’

‘कॅसेट जुनी झाली, आई. वाट लागली तिची.’

ती वाकून टेपरेकॉर्डर बघायला लागली. ‘टिळा कुठे गेला?’

‘साफ केला. घाण साचली होती.’

‘घाण काय म्हणतेस? तिथे काही होतं का आत?’

मी स्क्रूचं सांगितलं. हेड आता सरळ केलंय, भजन किती छान वाजतंय, तेही ऐटीत सांगितलं. ती हातातली मेथीची काडी तशीच धरून उभी राहिली. फळ्यावरचं गणित कुठे चुकलंय ते शोधताना ती अशीच उभी राहायची.

‘अगं, पण मी कॅसेटवर प्रोग्रॅम भरला तेव्हा ते सरळ होतं कशावरून? माझ्या कुंकवाने ते वाकडंच बसलं असेल. वाकडं लिहिलंय, तर वाचायलाही तेवढंच वाकडं हवं ना?’

मी कपाळावर हात मारला. तिचा प्रोग्रॅम त्या तिरक्या हेडने लिहिलेला होता. जगातल्या कुठल्याही चांगल्या टेपरेकॉर्डरला तो वाचता येणार नव्हता. तो वाकडा कोन कुंकवाने इतकी वर्षं धरून ठेवला होता आणि तो मी स्पिरिटने पुसून टाकला.

‘बघतेस काय? फिरव,’ आई म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.

मी स्क्रू फिरवत गेले, ती डोळे मिटून ऐकत होती. ‘अजून. अजून थोडं. अगं, धसमुसळेपणा नको करूस. गेलं, मागे घे. हां, थांब! हाच.’ मलाही ऐकू आलं. तीच किंचाळी, दातांत शिवशिवणारी. कॅसेट मागे घेऊन परत लावली. या वेळी लॅपटॉपलाही वायर जोडली, म्हणजे आवाज त्यातही उतरेल. आम्ही दोघी टीव्हीकडे बघत राहिलो. नाव आलं. एरर आली नाही. मग काळा पडदा, आणि त्यावर ठिपके.

रेघा अगदी संथ येत होत्या. कोपऱ्यातली पाकळी उघडी राहिली.

‘ते राहिलंच होतं,’ आई म्हणाली. तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि कीबोर्ड स्वतःपुढे ओढला. प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर आल्या. चष्मा कपाळावर चढवून ती टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली. ‘नऊपर्यंतच मोजतोय. दहा हवं. मीच लिहिलंय, मूर्खासारखं.’ शून्याचं बटण दाबलं जाईना, म्हणून मी मदतीला हात पुढे केला. ‘त्याला डाव्या कडेला दाबावं लागतं, पहिल्यापासून,’ असं म्हणत तिने ते अंगठ्याने दाबलं.

पाकळी मिटली. आईने टाळी वाजवली, एकदाच, मोठ्याने.

नवा प्रोग्रॅम कॅसेटवर आणि लॅपटॉपवर उतरवून झाल्यावर ती उठली, देवघरातून कुंकवाची कोयरी घेऊन आली आणि पाण्याचं बोट लावून तिने ते भोक पुन्हा बुजवलं. ‘आता हात लावशील तर बघ.’

मग ती जेवणाच्या टेबलाकडे गेली. तिचा मोबाइल तिथे चार्जिंगला होता. तो तिने काढला, चष्मा नाकावर घेतला आणि परत माझ्याजवळ येऊन बसली.

‘गॅस संपत आलाय. नंबर मी लावते,’ ती म्हणाली. ‘तू नुसती बस. मधेमधे बोलू नकोस.’

मी मान दुसरीकडे वळवून वायरी गुंडाळायला लागले. बराच वेळ ती पुटपुटत होती. एकदा चुकली, ‘हात् मेलं’ म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग फोनवर मेसेजचा आवाज वाजला आणि तिने तो माझ्या नाकापुढे धरला.

‘लागला नंबर,’ ती म्हणाली. ‘आता मावशीला फोन कुठून लावायचा ते दाखव. एकदाच दाखव. पुढचं माझं मी बघीन.’