'इतर' नावाचं पान

दुकानात किस्से साठतात ते गिऱ्हाइकांनी विसरलेल्या छत्र्यांसारखे. मुद्दाम कुणी ठेवत नाही, न्यायलाही कुणी येत नाही. शनिवार पेठेत माझं कुकरच्या सुट्या भागांचं दुकान. सकाळी अकराच्या चहाला दोघं ठरलेले. एक कांबळेसाहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त. दुसरे आपटेकाका, त्यांची जीभ काही निवृत्त व्हायला तयार नाही!

*

दुकानात इंटरनेट घेतलं तेव्हा विकी मला साहेबांनीच शिकवला. म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरची वही. नेटवर आवडलेलं कात्रण तिच्यात चिकटवायचं, टॅग लावायचा, म्हणजे पुन्हा सापडतं. मी दहावी नापास. सगळं एकाच पानावर कोंबलं आणि नाव दिलं 'इतर'.

साहेबांनी चष्मा वर केला. "शेठ, ही वही आहे की तुमचा माळा?"

*

आपटेकाकांनी गुडघेदुखीवरचे सतरा लेख जमवले होते.

साहेब म्हणाले, "अहो, गुडघे दोनच ना तुम्हाला?"

*

साहेबांचा एकच दंडक. "नुसती लिंक ठेवू नका. लिंक म्हणजे पत्ता. उद्या घरच पडलं, तर पत्ता घेऊन फिरत बसाल. मजकूर उतरवून घ्या!"

एकदा पेठेत पाणी नव्हतं. खडकवासल्याच्या पाइपलाइनचं काहीतरी काम. नेटवरची सूचना दुपारपर्यंत गायब! साहेबांकडे मात्र होती, तारखेसकट.

काका म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे सगळं आहे हो. पाणी तेवढं नाही!"

*

साहेबांचा एकुलता एक मिलिंद सॉफ्टवेअरच्या नोकरीवर परदेशी होता. दर रविवारी ब्लॉग लिहायचा. सोमवारी साहेब तो माझ्या कॉम्प्युटरवर उघडून आम्हाला वाचून दाखवायचे. "शुद्धलेखन बघा या इंजिनिअरचं!" म्हणायचे, पण आवाज पेढे वाटणाऱ्याचा.

मिलिंद तिकडेच अपघातात गेला. काही महिन्यांनी ब्लॉगची ती साइटही बंद पडली.

साहेब दुकानात आले. पेन ड्राइव्ह लावून आपला विकी उघडला. त्यात 'मिलिंद' नावाचं पान होतं. पानावर फक्त एक लिंक. मजकूर उतरवलेलाच नाही!

"दर रविवारचंच होतं हो त्याचं," साहेब म्हणाले. "वाटलं, लिहितोय ना तो."

काकांनी आपला चहा साहेबांपुढे सरकवला.

*

त्याच आठवड्यात मी माझा माळा उपसला. वाळवीवरचा उपाय, गास्केटची मापं, आणि मध्येच मिलिंद! एकच लेख. त्यात आमच्या गास्केटचं कौतुक होतं, म्हणून मी उतरवून ठेवला होता. परदेशात त्यानं पहिल्यांदा डाळ शिजायला लावली, फोन कुकरजवळ धरला आणि पुण्यात बसून बाबांनी शिट्ट्या मोजल्या. "तिसरी झाली. बंद कर आता."

साहेबांनी लेख वाचला. पुन्हा वाचला.

मी म्हणालो, "साहेब, तुमच्या पेन ड्राइव्हवर टाकून देतो. टॅग काय लावू?"

"नको. हलवू नका."

अजूनही साहेब अकराला येतात. पेन ड्राइव्ह खिशात असतो, बाहेर काढत नाहीत. स्टूल पुढे ओढतात आणि चहा यायच्या आत म्हणतात,

"शेठ, जरा तुमचं 'इतर' उघडा."